ताप उतरल्यानंतरचा खोकला: पार्श्वभूमी

मार्च २०२३ मध्ये देशभर एच३एन२ या इन्फ्लुएन्झाची साथ जोरात होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं एक छोटं पत्रक काढलं. ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव अशी नावं घेऊन ही अँटिबायोटिक्स उगाच देऊ नका, असंही डॉक्टरांना बजावलं होतं. पत्रक गाजलं ते अँटिबायोटिकच्या मुद्द्यामुळे. तीन आठवड्यांच्या मुद्द्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खरं तर घराघरात तोच छळत होता.

हा खोकला ज्यांनी काढला आहे त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. ताप गेलेला असतो, भूक परत आलेली असते, माणूस कामाला लागलेला असतो. पण फोनवर चार वाक्यं बोललं की ढास लागते. हसू आलं की उबळ, उदबत्तीचा धूर आला की उबळ. रात्री आडवं पडल्यावर तर घरातल्या कुणालाच झोप नाही. कफ म्हणावा तर पडत नाही, बरगड्या मात्र दुखून येतात. दुसऱ्या आठवड्यात दुसरा डॉक्टर होतो, तिसऱ्यात तिसरा. या धास्तीला हसण्यात अर्थ नाही. लांबलेल्या खोकल्याला घाबरायचं, हे आपल्याकडे फार जुन्या आणि खऱ्या अनुभवातून आलेलं आहे.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा अठरावा अध्याय खोकल्याचा, म्हणजे कासाचा आहे. कास पाच प्रकारचा: वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज. वातज कासाचं वर्णन वाचताना आजचा रुग्णच समोर उभा राहतो: कोरडा खोकला, छातीत-कुशीत दुखणं, बसलेला आवाज. पण त्याच ग्रंथात हेही सांगितलं आहे की हे पाचही कास वाढत गेले तर क्षयाकडे नेतात. आज घरोघरी असलेलं सितोपलादी चूर्णही (खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा, दालचिनी) चरकात येतं ते राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या अध्यायात. खोकला आणि क्षय यांची गाठ इतकी जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात ती आणखी घट्ट झाली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. पण जंतू सापडणं वेगळं आणि औषध सापडणं वेगळं. फिलाडेल्फियात मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन यायला त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ जायचा होता. त्या काळात आणि पुढेही मिरजेजवळ वानलेसवाडी, मुंबईत शिवडी, पुण्यात औंध ही क्षयाच्या रुग्णालयांच्या गावांची नावं उच्चारली तरी घरात आवाज खाली जायचा. ज्या समाजानं हे पाहिलं, तो खोकल्याचे दिवस मोजणारच.

आणि मोजायलाच हवेत. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. म्हणून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानं आधी तीन आठवड्यांची असलेली मर्यादा दोन आठवड्यांवर आणली: त्याहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. विषाणूनंतरचा खोकला तीन आठवडे राहू शकतो, तर क्षयाची तपासणी दोन आठवड्यांना करायची, हे परस्परविरोधी वाटेल. माझ्या मते तसं नाही. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. ती करून घ्यावी, अहवाल स्वच्छ आला की मग धीर धरावा. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं: तपासणी राहून जाते आणि औषधांची बाटली मात्र बदलत राहते.

त्या बाटलीचाही इतिहास आहे, आणि तो चांगला नाही. अफूतलं कोडीन १८३२ मध्ये फ्रान्सच्या पिएर रोबिके यांनी वेगळं काढलं. १८९८ मध्ये बायर कंपनीनं खोकल्याचं औषध म्हणून जे बाजारात आणलं त्याचं नाव होतं हेरॉईन. क्षय आणि न्यूमोनिया ही तेव्हा मृत्यूची मोठी कारणं होती, उबळ थांबवून रुग्णाला झोप देणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. त्यामुळे या औषधाचं स्वागत झालं यात नवल नाही. व्यसन लागतं हे कळल्यावर १९१३ मध्ये कंपनीनं ते थांबवलं. कोडीन मात्र राहिलं. कार्डिफच्या सर्दी-संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात झालेल्या चाचण्यांत सर्दीच्या खोकल्यावर कोडीन नुसत्या बिनऔषधी डोसापेक्षा सरस ठरलं नाही. तरी आपल्याकडे कोडीनच्या बाटल्या खपत राहिल्या, त्यातल्या कित्येक नशेसाठी. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, तीत कोडीनची मिश्रणंही होती. प्रकरण कोर्टात गेलं, आणि जून २०२३ मध्ये पुन्हा १४ मिश्रणांवर बंदी आली, तीतही खोकल्याची औषधं होती.

सगळ्या बाटल्या एका मापानं मोजू नयेत, हेही खरं. आपल्या अंगणातल्या अडुळशात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि १९६३ मध्ये बाजारात आलं; अँब्रोक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक सिरपच्या लेबलवर यांपैकी एक नाव सापडेल. पण ही औषधं घट्ट कफ पातळ करतात. जिथे कफच नाही, नुसती ढास आहे, तिथे त्यांनी काय करावं?

लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाचा झाला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याची मुलं सिरप घेऊन मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या अनेकांना आईबापांनी नागपूरच्या रुग्णालयांत धावत आणलं होतं. त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघालं. परवानगी आहे ०.१ टक्क्याची. हे वाचून कुणाचंही काळीज हलेल. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. जो खोकला आपला आपण जाणार होता, त्याच्यासाठी ही किंमत मोजली गेली.

आपला आपण जातो, हे मुळात कळलं कधी? फार उशिरा. इन्फ्लुएन्झाचा विषाणू माणसातून वेगळा काढला गेला तोच १९३३ मध्ये. आजार संपल्यावरही खोकला का उरतो, याचं नीट उत्तर १९७६ पर्यंत कुणाकडे नव्हतं. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड एम्पी, जे नडेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दमा नसलेल्या, एरवी धडधाकट पण सर्दी झालेल्या लोकांना त्यांनी हिस्टामिनचा फवारा हुंगायला दिला. निरोगी माणसाला ज्याचं फारसं काही होत नाही, त्यानं यांच्या श्वासनलिका आवळल्या. ही नाजूक अवस्था सहा आठवड्यांपर्यंत टिकली. नसेचा संदेश अडवणारं अॅट्रोपिन दिल्यावर मात्र ते आवळणं थांबलं, म्हणजे हा खेळ मेंदूतून छातीकडे येणाऱ्या व्हेगस नसेतून चालणाऱ्या प्रतिक्षेपाचा, आपोआप उमटणाऱ्या प्रतिक्रियेचा होता. विषाणू गेला होता, श्वासनलिकेचं अस्तर सोललेलं राहिलं होतं. खरचटलेल्या जागी साधं पाणीही झोंबतं, तसं त्या अस्तराखालच्या उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना गार हवा, धूर, नुसतं बोलणंही झोंबतं. अस्तरावरची कफ वर ढकलणारी बारीक लव पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात.

पुढे ही संवेदनशीलता मोजायची रीत निघाली, आणि तीत आपल्या स्वयंपाकघराचा जुना परिचय आहे. १९८४ पासून संशोधक माणसांना कॅप्सेसिनचा अगदी पातळ फवारा देऊन किती मात्रेला खोकला येतो ते पाहू लागले. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य. सर्दीच्या दिवसांत फार थोड्या मात्रेला खोकला येतो, बरं झाल्यावर तीच मात्रा सोसते, असं दिसलं. कॅप्सेसिन मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला (संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं ती टीआरपीव्ही१ ही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ओळखली आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. तेव्हा आजारातून उठलेल्या माणसाला मिरचीच्या फोडणीनं इतरांच्या आधी ठसका लागतो, यात नाजूकपणाचं सोंग नसतं.

अमेरिकी छातीरोगतज्ज्ञांच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनं या खोकल्याला स्वतःची चौकट दिली: तीन आठवड्यांपर्यंतचा तो नवा, तीन ते आठ आठवड्यांचा मधला, आठच्या पुढचा जुनाट. संसर्गानंतरचा खोकला या मधल्या टप्प्यात बसतो. २०१३ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या मार्क एबेल यांनी आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा साध्या खोकल्याची सरासरी १७.८ दिवस निघाली. तिथल्याच लोकांना विचारलं की खोकला किती दिवसांत जावा, तर उत्तर आलं सात ते नऊ दिवस. मला हा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. आठव्या दिवशी माणूस औषध बदलून मागतो आणि अठराव्या दिवशी बरं वाटलं की श्रेय शेवटच्या गोळीला देतो.

गोळ्यांची परीक्षाही झाली आहे. २०१३ मध्ये बारा युरोपीय देशांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर अमॉक्सिसिलिन तपासलं गेलं. न्यूमोनियाची शंका नसलेल्यांना त्याचा म्हणावा असा फायदा झाला नाही. आपल्याकडच्या चिठ्ठीवर हमखास दिसणारं माँटेलुकास्ट २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये २७६ जणांवर, नेमक्या या संसर्गानंतरच्या खोकल्यासाठी तपासलं. तेही बिनऔषधी गोळीपेक्षा पुढे गेलं नाही. त्याच अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट निघाली: सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना डांग्या खोकला होता, मोठ्या वयात. लहानपणीच्या लसीचं संरक्षण काही वर्षांनी ओसरतं. उबळीनंतर ओकारी होत असेल, श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर हे डॉक्टरांना सांगावं. घरात लस पूर्ण न झालेलं बाळ असेल तर आवर्जून.

मधाचा निकाल मात्र बरा लागला. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेल्या आढाव्यात नेहमीच्या उपायांपेक्षा मधानं खोकला जास्त कमी झाला. रात्री झोपताना चमचाभर मध घेण्यात मोठ्यांना काही धोका नाही. मधुमेह असेल तर तेवढा हिशोब ठेवावा. वर्षाखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नये. बाळगुटीत मध घालण्याची रीत जुनी असली तरी त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो.

थुंकीतून रक्त, उतरून परत आलेला ताप, दम लागणं, वजन घटणं यांतलं काही असेल तर दिवस मोजत बसू नये. यांतलं काही नसताना खोकला आठ आठवडे ओलांडून गेला, तर विषाणूला सोडून दुसरीकडे बघायचं: दमा, नाकातून घशात उतरणारा स्राव, पोटातलं आम्ल, आणि रक्तदाबाची गोळी. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो. तो गोळी बदलल्यावर जातो. बदल मात्र डॉक्टरांनीच करायचा.