पतंगाची कमान

पतंगाच्या कागदाला आडवा ताण देणारी बांबूची वाकवलेली काडी. ती उभ्या सरळ काडीला (वडोदऱ्याच्या मराठी घरांतही हिला ढढ्ढा म्हणतात) नाकाच्या, म्हणजे पतंगाच्या वरच्या टोकाच्या, थोडे खाली छेदते आणि तिची टोके डाव्या-उजव्या कोपऱ्यांत चिकटवलेली असतात. शेपूट नसलेल्या पेचाच्या पतंगाचा वेग, वळण आणि तोल मुख्यतः कमानीवर ठरतो.

उगम : पतंग मूळचा चीनचा, हे मत बहुमान्य आहे. इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील तत्त्वज्ञ मो त्सु व कारागीर लू पान यांनी लाकडी पक्षी उडवल्याच्या कथा सांगितल्या जातात. मात्र त्या पक्ष्यांना दोर होता की नाही, येथूनच शंका सुरू होते. इंडोनेशियातील मुना बेटावरच्या एका गुहाचित्राच्या आधारे पानांचे पतंग त्याहून जुने ठरवण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, पण त्या चित्राचा काळ निर्विवाद नाही. फाहियान किंवा ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूंनी पतंग भारतात आणला, हे विधान वारंवार केले जाते. त्यासोबत त्यांच्या वृत्तांतातला नेमका उतारा सहसा दिला जात नाही, म्हणून ते बाजूला ठेवणे बरे. संत नामदेवांच्या (परंपरेने १२७०–१३५०) गुरू ग्रंथसाहिबातील रामकली रागाच्या पदाचा पुरावा अधिक भरवशाचा. त्यात कागद आणून कापलेली ‘गुडी’ (पतंग) आकाशात फिरते आणि उडवणारा सोबत्यांशी बोलत असताही चित्त दोरीवर ठेवतो. कागद आला, दोरी आली; काडीविषयी पद काहीच सांगत नाही. त्यामुळे कमानीचा काळ ठरवताना वाङ्मयापेक्षा मुघल काळातील व त्यानंतरची लघुचित्रे अधिक उपयोगी पडावीत.

या चर्चेत दोन वेगळ्या कमानींची गल्लत होते. अमेरिकेतील विल्यम एडी यांनी १८९० नंतरच्या दशकात मलाय पतंगांवरून बिनशेपटी पतंग तयार केला. १८९४ मध्ये तेथील ब्लू हिल हवामान वेधशाळेने अशा पतंगांनी तापमान नोंदवणारे उपकरण वर चढवले आणि १९०० मध्ये एडींना त्याचे पेटंट मिळाले. त्यातली आडवी काडी दोरीने ताणून कायमची मागे वाकवलेली असते. भारतीय पतंगाची कमान कागदाच्याच पातळीत वाकलेली असते. तिला मागे वाकवतो तो वारा. दोर खेचला की पंख मागे झुकतात आणि पतंग नाकाच्या दिशेने सरळ धावतो. ढील दिली की तो सपाट होऊन गरगरू लागतो. नाक हव्या त्या दिशेला आले की पुन्हा खेच द्यायची. पेच लढवण्याचे सगळे कसब या फरकावर उभे असल्याने एडींच्या पतंगावरून भारतीय कमानीचा उगम शोधणे फारसे पटत नाही.

बांधणी : कमानीसाठी पेर टाळून सरळ धाग्याचा, वाळलेला बांबू घेतात. काडी मध्यापासून दोन्ही टोकांकडे निमुळती तासतात आणि बोटावर तोलून पाहतात. वजन सारखे असूनही एक बाजू मऊ राहिली तर ती वाऱ्यात जास्त झुकते आणि पतंग तिकडेच वळतो. म्हणून तोलण्याइतकेच दोन्ही टोके वाकवून पाहणेही महत्त्वाचे. अनुभवी हात काचेच्या तुकड्याने शेवटची तासणी करतात. हलक्या वाऱ्याला मऊ कमान, जोराच्या वाऱ्याला ताठ. ढढ्ढ्याला स्वतःच्या डोक्यावर दाबून किंचित बाक देण्याची गच्चीवरची रीत याच हिशेबातली.

किन्ना (मराठीत कण्णी), म्हणजे उडवण्याचा दोर ज्याला जोडतात तो दुपदरी दोरा, वर कमान-ढढ्ढ्याच्या छेदावर आणि खाली ढढ्ढ्यावर बांधतात. वरचा पदर आखूड केल्यास नाक उडवणाऱ्याकडे झुकते व पतंग वाऱ्याला कमी अडतो. जोराच्या वाऱ्यात हे सोयीचे.

मजबुती : कागद फाटतो तो बहुधा कडेने. म्हणून कड दोऱ्यावर दुमडून खळीने चिकटवतात. नाक, कमानीची टोके आणि शेपटाकडचा भाग येथे कागदाची ठिगळे देतात. आयत्या वेळी गुंदरपट्टी (चिकटपट्टी) किंवा भाताची शितेही चालतात. कमान मध्याजवळ तडकली तर बांबूची चोय लावून, दोरा गुंडाळून ती सांधता येते. निमुळत्या भागात मोडल्यास बदललेलीच बरी, कारण सांध्याने ती बाजू ताठ व जड होते. एका बाजूला ठिगळ लावले तर समोरच्या बाजूला तेवढाच कागद लावावा, हा नियम मुलेही पाळतात. मजबुती वाढेल तसे वजन वाढते आणि मंद वाऱ्यात असा पतंग उठत नाही.

वडोदरा : येथील मराठी वस्ती गायकवाडी अमलात वाढली. १४ जानेवारीची उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण या दोन्ही दिवशी गच्च्या भरलेल्या असतात. तिळगुळाच्या ताटाशेजारी उंधियू आणि जिलेबी असते. पतंगांचा मोठा बाजार गेंडीगेट रस्त्याला भरतो. खंभातचे पतंग गुजरातभर नावाजलेले आहेत. तयार पतंग स्वस्त असल्याने संपूर्ण बांधणी घरी क्वचितच होते; किन्ना बांधणे व डागडुजी मात्र घरीच चालते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे.

अन्य अर्थ : दोन्ही टोके जमिनीला बांधलेल्या एकाच दोरावर अनेक लहान पतंग चढवून केलेल्या माळेलाही कमान म्हणता येते. पाण्यावर फळीस्वाराला ओढणारा, पुढच्या कडेत हवा भरलेला कमानदार पतंग फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंचा; त्याचे पेटंट १९८४ चे.