ग्वाल्हेरच्या आकाशात जिंकलं कोण?

फेब्रुवारी २००४ मध्ये अलास्कातल्या एल्मेन्डॉर्फ तळावरची सहा एफ-१५सी लढाऊ विमानं ग्वाल्हेरला आली. 'कोप इंडिया' नावाचा हा भारत-अमेरिका हवाई सराव महाराजपूरच्या तळावर जवळपास दोन आठवडे चालला. भारताच्या बाजूने सुखोई-३०, मिराज २०००, मिग-२९, मिग-२७ आणि सुधारित मिग-२१ म्हणजे 'बायसन' उतरली होती. पुढे अमेरिकी संसदेतल्या एका सदस्याने सांगितलं, की दहापैकी नऊ लढती भारताने जिंकल्या. आमच्या ग्वाल्हेरच्या 'लष्कर' नावाच्या भागात, नई सडकेपासून बाड्यापर्यंत, हा आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो.

गणेशोत्सवात या विषयावर बोललो, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, "काका, पण नियम काय होते?" त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता. दोन देशांची विमानं सरावात समोरासमोर येतात तेव्हा क्षेपणास्त्र कुणीच सोडत नाही. रडारने लक्ष्य पकडलं, अंतर टप्प्यात होतं, वैमानिकाने कळ दाबली, एवढ्यावरून समोरचा 'पडला' असं धरतात. मग खाली उतरल्यावर सगळ्या नोंदी तपासून वाद मिटवायचा. त्यामुळे क्षेपणास्त्राचा पल्ला किती धरायचा आणि कोण किती विमानं आणणार, हे आधी ठरवावंच लागतं.

ग्वाल्हेरात ठरलं होतं ते असं: अनेक लढतींत चार एफ-१५ समोर बारापर्यंत भारतीय विमानं. अॅमराम या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राला तर पुरी मोकळीक नव्हतीच. शिवाय आलेल्या एफ-१५ वर नवी 'एईएसए' रडारं, म्हणजे अँटेना न फिरवता झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवणारी रडारं, नव्हती, आणि वरून सगळं आकाश न्याहाळणारं अवाक्स विमानही त्यांच्या मदतीला नव्हतं.

याचा अर्थ कळायला थोडं गणित करू. दोन विमानं प्रत्येकी ताशी हजार किलोमीटरने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला सुमारे ३३ किलोमीटरने घटतं. म्हणजे क्षेपणास्त्राचा पल्ला तेवढ्याने कमी धरला, की वैमानिकाच्या हातून पहिला वार करायचं एक अख्खं मिनिट जातं. एफ-१५ची सगळी मदार लांबून आधी बघून आधी मारण्यावर. तेच काढून घेतलं तर लढाई जवळ येते, आणि जवळच्या लढाईत लहानखुरं बायसन फार त्रासदायक ठरतं.

का, ते रडारच्या भौतिकशास्त्रात आहे. रडारची लहर जाताना पसरते आणि विमानावर आपटून परत येतानाही पसरते. त्यामुळे परतीचा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. म्हणून परावर्तन सोळा पट कमी केलं तरी विमान दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं. लहान आकाराचा फायदा आहे, पण थोड्या फायद्यासाठी परावर्तन असं खूप घटवावं लागतं. दुसरी युक्ती आडवं वळण्याची. जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढी ऐकू येते, तसाच बदल रडारच्या परतलेल्या लहरीतही होतो. त्या बदलावरूनच रडार चालतं विमान आणि स्थिर जमीन वेगळी ओळखतं. वैमानिकाने रडारच्या रेषेला काटकोनात वळण घेतलं, तर जवळ येण्याचा वेग जवळजवळ शून्य होतो आणि विमान काही क्षण जमिनीच्या गोंगाटात मिसळून जातं. हे वळण नेमक्या क्षणी घेणं यंत्राच्या हातात नसतं, त्यासाठी माणूस तयार व्हावा लागतो. हवाई डावपेच शिकवणारी 'टॅक्डे' ही वायुदलाची संस्था ग्वाल्हेरातच आहे, हे इथे मुद्दाम सांगतो.

माझ्या मते २००४ मधून शिकायचं ते हेच. सोव्हिएत बनावटीची विमानं उडवणारे वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकाच्या हुकमाबरहुकूम साचेबंद लढतील, अशी अमेरिकी पथकाची अटकळ होती. प्रत्यक्षात आपल्या वैमानिकांनी आदल्या दिवशी काय चुकलं ते तपासून दुसऱ्या दिवशी डाव बदलले. अमेरिकी अधिकाऱ्यांनी हे नंतर मोकळेपणाने मान्य केलं. त्या सुमारास एफ-२२ या नव्या लढाऊ विमानाच्या खर्चावर अमेरिकेत वाद चालू होता, त्यामुळे 'आमची जुनी विमानं कमी पडतात' हे सांगणं त्यांच्या सोयीचंही होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. दहात नऊ हा आकडा मला म्हणूनच फारसा पटत नाही. डाव बदलण्याची सवय मात्र पटते.

सरावातून खरोखर शस्त्रं बदलल्याचं ठळक उदाहरण जर्मनीचं. १९९० च्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीची मिग-२९ विमानं पश्चिमेच्या हाती आली. त्यांच्याशी सराव केल्यावर नाटोच्या वैमानिकांना धक्का बसला. मिगचा वैमानिक शिरस्त्राणातल्या साधनाने नुसता मान वळवून बाजूचं लक्ष्य पकडायचा, आणि आर-७३ क्षेपणास्त्र नाकाच्या दिशेपासून बरंच बाजूला वळून जायचं. नाटोच्या एफ-१६ला मात्र आधी नाक वळवावं लागे. त्याच मिगांचं इंधन कमी आणि वैमानिकाला आजूबाजूचं भान देणारी साधनं तोकडी, हेही त्याच सरावांत दिसलं. पुढे पश्चिमेत आयरिस-टी आणि एआयएम-९एक्स ही क्षेपणास्त्रं आली, तसंच शिरस्त्राणातली नवी साधनंही. आपल्या बायसनवरही आर-७३ आणि तसलंच शिरस्त्राण होतं.

२०१५ मध्ये ब्रिटनमधल्या कॉनिंग्सबी तळावर 'इंद्रधनुष' सराव झाला, तेव्हा आपल्या सुखोईंनी ब्रिटिशांच्या टायफून लढाऊ विमानांना बारा-शून्य हरवल्याची बातमी आली आणि ब्रिटिशांनी ती फेटाळली. त्यावर जास्त वेळ घालवू नये. कारण लढाईच्या वेळी रडार ज्या पद्धतीने वापरायचं, ते पाहुण्यांसमोर कुणीच उघड करत नाही. दुसऱ्याची रडारं ऐकून त्यांची ओळख नोंदवून ठेवणं हे सगळ्याच वायुदलांचं काम असतं.

त्यापेक्षा २००८ चा 'रेड फ्लॅग' बघा. अमेरिकेच्या नेव्हाडातल्या नेलिस तळावर हा सराव १९७५ पासून होतो. व्हिएतनाममध्ये दिसलं होतं, की नवा वैमानिक पहिल्या दहा मोहिमांतून निभावला तर त्याची वाचण्याची शक्यता खूप वाढते. मग त्या दहा मोहिमा घरीच करून घ्यायच्या, ही त्यामागची कल्पना. आपल्या सुखोई-३० एमकेआय तिथे पहिल्यांदा गेल्या. विमान उत्तम, वैमानिक उत्तम, पण आपली डेटा-लिंक, म्हणजे विमानांमध्ये माहिती आपोआप पोचवणारी यंत्रणा, यजमानांच्या जाळ्याशी जुळत नव्हती. बाकीच्यांना पडद्यावर दिसणारं मित्र-शत्रूचं चित्र आपल्या वैमानिकांना रेडिओवर विचारून जुळवावं लागे. डझनावारी विमानांच्या गर्दीत, मिनिटाला ३३ किलोमीटर अंतर घटत असताना, त्या विचारपुशीत वेळ जातो आणि आपल्याच बाजूचं विमान टिपलं जाण्याचा धोका वाढतो. सांकेतिक संपर्कयंत्रणा मिळण्याचा मार्ग मोकळा करणारा 'कॉमकासा' करार भारत आणि अमेरिकेने त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये केला.