भाकर आणि वचन : मराठी ख्रिस्ती समाजातील शास्त्रवाचनाची पार्श्वभूमी

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस दररोज एक मागणी करतो : ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे.’ अनुवादकांना पोळी किंवा पाव म्हणता आले असते. त्यांनी भाकर म्हटले आणि शेतात राबणाऱ्या माणसाच्या फडक्यात बांधलेले अन्न प्रार्थनेत आले. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मनुष्य केवळ भाकरीने नव्हे तर देवाच्या मुखातून निघणाऱ्या वचनाने जगतो, हे वाक्य त्यामुळे मराठी कानाला उपमा म्हणून नव्हे, पोटातली गोष्ट म्हणून ऐकू येते. बायबलमधील आमोस संदेष्टा तर अन्नपाण्याच्या नव्हे, परमेश्वराची वचने ऐकण्याच्या दुष्काळाविषयी बोलतो, आणि दुष्काळ म्हणजे काय हे अहमदनगरच्या किंवा सोलापूरच्या मंडळीला समजावून सांगावे लागत नाही.

वचनाची भूक आणि वचन वाटून घेण्याची रीत या दोन गोष्टी ख्रिस्ती मंडळीत पहिल्यापासून एकत्रच आहेत. पहिल्या शतकातील प्रेषित पौल याने कलस्सै या गावच्या मंडळीला लिहिले की, हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा आणि तिकडचे पत्र तुम्ही वाचा. प्रती हाताने लिहिलेल्या, त्यामुळे मोजक्या होत्या आणि अक्षरओळख असणारेही थोडेच होते. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, हाच शास्त्रपाठाचा, म्हणजे बायबलवाचनाचा, मूळ प्रकार होता.

आपल्याकडे ही भूक पहिल्यांदा स्पष्टपणे बोलून दाखवली गेली ती गोव्यातील साष्टी प्रांतात. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी असा प्रसंग येतो की, धर्मशिक्षणाच्या वेळी एक ब्राह्मण पुढे होऊन विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात तक्रार आहेच, पण त्याहून अधिक भूक आहे. धर्म बदलला म्हणून ओवी ऐकण्याची सवय सुटत नाही, आणि प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेने ती भागतही नाही. स्टीफन्स यांनी दिलेले उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे आणि त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापुढपर्यंतची कथा येते.

हा ग्रंथ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापला गेला, पण रोमन अक्षरांत. देशी लिपीत छापण्याची स्टीफन्स यांची इच्छा होती. मात्र तिच्या जोडाक्षरांसकट सुमारे ६०० साचे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ च्या पत्रात आपल्या वरिष्ठांना कळवली होती. छापील प्रती किती घरांत पोहोचल्या असतील ते असो, ग्रंथ पोहोचला तो चर्चमध्ये मोठ्याने वाचला आणि गायला गेल्यामुळे. त्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुढे गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते सोबत नेली, जपली आणि गाइली; म्हणूनच १९०७ साली मंगळूरला हा ग्रंथ पुन्हा छापता आला. नकलून काढणे आणि गाऊन दाखवणे, यालाच इथे वाटून घेणे म्हणायचे.

संपूर्ण शास्त्र मराठीत आणण्याचे काम सुरू झाले ते मात्र बंगालमध्ये. तिथल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान, म्हणजे मत्तयाने सांगितलेले ख्रिस्तचरित्र, आणि १८११ साली नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, छापला. त्या भाषेचे वळण नागपूरकडचे होते आणि कोकण-देशावरच्या वाचकाला ते परके वाटे. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉल यांनी म्हणून पुन्हा नव्याने भाषांतर हाती घेतले. मार्च १८२६ मध्ये पुस्तके वाटत आणि औषधे देत ते नाशिककडे गेले. परतीच्या वाटेवर एका खेड्यात त्यांना पटकीने गाठले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार पूर्ण छापून झाला. संपूर्ण बायबल १८४७ साली आले.

पुस्तक छापून झाले तरी ते वाचणार कोण, हा प्रश्न उरतच होता. तो बऱ्याच अंशी सोडवला बायबलबाईंनी. या स्थानिक स्त्रिया घरोघर जात, ओटीवर बसत, बायकांचे निवडणे-टिपणे चालू असताना एखादा दाखला वाचून दाखवत आणि ज्यांना हवे त्यांना अक्षरे शिकवत. या कामाची नोंद इतिहासात फार थोडी झाली आहे, याची खंत वाटते. वाटण्याचा दुसरा एक प्रसंग मात्र सर्वांना ठाऊक आहे. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले असता डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी वाचण्याचे वचन दिले होते म्हणून वाचायला घेतले आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंगांतून आणि कीर्तनांतून तेच वचन वारकरी वळणाच्या मराठीत मंडळीला परत दिले.

पंडिता रमाबाईंची हकिकत या सगळ्याला जोडून घेते. विवाहानंतर सिल्चरला असताना घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली; ती तिथे कशी आली हे त्यांना कधीच कळले नाही. त्याआधी कलकत्त्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले होते, पण त्याची भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृतहून इतकी वेगळी होती की त्यांनी ते बाजूला ठेवले. जिच्या मुखी हजारो संस्कृत श्लोक होते, त्या विदुषीलाही परक्या भाषेतले वचन भूक भागवू शकले नाही. पुढे निराधार स्त्रियांसाठी स्वतः काढलेल्या केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या, अक्षरशत्रू असलेल्या शेकडो मुली-बायका पाहिल्यावर, प्रचलित बायबलची संस्कृतप्रचुर मराठी यांच्या ताटात कशी वाढायची, हा प्रश्न रमाबाईंना टाळता आला नाही.

पन्नाशीच्या आगेमागे असताना, कानाने अधू झालेल्या असताना, त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवायला, यंत्र चालवायला आणि फर्मे दुमडून शिवायला त्याच स्त्रिया होत्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना ‘अ’ ओळखता येत नव्हता, त्या आता ‘भाकर’ हा शब्द उलट्या खिळ्यांनी पंक्तीत बसवत होत्या. नवा करार १९१३ साली बाहेर पडला. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण बायबल त्या छापखान्यातून १९२४ साली प्रसिद्ध झाले.