जड आयन झोतांचे स्पंदागणिक वाटप

एकाच कण वेगवर्धकातून निघणारा जड आयनांचा (इलेक्ट्रॉन गमावलेल्या जड अणूंचा) झोत दर स्पंदाला, म्हणजे झोताच्या दर क्षणिक तुकड्याला, वेगवेगळ्या प्रयोगांकडे वळवण्याची ही पद्धत आहे. जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या जीएसआय संशोधन केंद्रातील युनिलॅक हे तिचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण म्हणावे लागेल. सुमारे १२० मीटर लांबीचा हा रेषीय वेगवर्धक १९७० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे.

युनिलॅकमधून सेकंदाला ५० स्पंद निघतात, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक. आयनस्रोत तीन असल्याने एक स्पंद युरेनियमचा, तर लगेच पुढचा आर्गनचा असू शकतो. एवढ्या थोड्या वेळात यंत्र बदलते कसे? खरे तर ते फारसे बदलतच नाही. आयन कोणताही असो, मुख्य भागात तो शिरतो तेव्हा त्याची ऊर्जा दर न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे) १.४ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजेच वेग प्रकाशाच्या सुमारे साडेपाच टक्के असतो. वेग ठरलेला असल्याने आयनांना ढकलणाऱ्या विद्युत क्षेत्राची १०८ मेगाहर्ट्‌झची कंप्रता तीच राहते. बदलावी लागते ती फक्त क्षेत्राची तीव्रता, आणि तीही वस्तुमान व विद्युत भार यांच्या गुणोत्तराच्या प्रमाणात. चार धन भारांचा युरेनियम आयन नायट्रोजन वायूच्या फवाऱ्यातून जाताना आणखी इलेक्ट्रॉन गमावतो. बाहेर पडणाऱ्यांपैकी २८ भारांचे आयन निवडले, तर हे गुणोत्तर ८.५ येते. दहा भारांच्या आर्गनसाठी ते फक्त ४ असते, म्हणून त्याला निम्म्याहून कमी तीव्रता पुरते.

चुंबकांचा प्रवाहही दर स्पंदाला बदलतो. गाभा भरीव लोखंडाचा असता तर त्यात निर्माण होणाऱ्या प्रवाहांमुळे क्षेत्र स्थिरावायला उशीर झाला असता. म्हणून तो पातळ पत्र्यांच्या चळतीचा करतात.

या वाटपाचा खरा फायदा वेळेच्या हिशेबात दिसतो. एसआयएस-१८ या २१६ मीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉनला (कड्यासारख्या वेगवर्धकाला) शंभरेक मायक्रोसेकंदांचा एखादा स्पंद मिळाला की पुढचा वेग वाढवण्यात तो गुंतून जातो. मधले सगळे स्पंद अतिजड मूलद्रव्यांच्या शोधाला देता येतात. तिथे आठवडेच्या आठवडे मारा केल्यावर एखादाच अणू हाती लागतो, त्यामुळे स्पंद न् स्पंद मोलाचा! १०७ ते ११२ क्रमांकांची मूलद्रव्ये १९८१ ते १९९६ या काळात याच यंत्रावर सापडली. १९९७ ते २००८ दरम्यान याच केंद्रात चारशेहून अधिक कर्करुग्णांवर कार्बन आयनांनी उपचार झाले. गाठीच्या थरांच्या खोलीनुसार सिंक्रोट्रॉन झोताची ऊर्जा आवर्तनागणिक बदलत असे.

अशा वाटपात धोकाही आहे. तीव्र स्पंद चुकीच्या वाटेला गेला तर उपकरण बिघडू शकते. म्हणून झोताचा ऱ्हास, म्हणजे वाटेत वाया जाणाऱ्या आयनांचे प्रमाण, मर्यादेबाहेर जाताच स्पंद मध्येच तोडणारी यंत्रणा लागते.

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आवारातील १४ दशलक्ष व्होल्टच्या पेलेट्रॉन या वेगवर्धकामध्येही जड आयन मिळतात, पण वाटपाची रीत निराळी आहे. तिथे झोत अखंड असतो. स्विचिंग चुंबक तो एका वेळी एकाच झोतमार्गावर सोडतो आणि प्रयोगांना पाळीपाळीने वेळ मिळतो. नव्या पाळीला वेगळा आयन वा वेगळी ऊर्जा हवी असेल, तर स्रोत, व्होल्टता आणि चुंबक पुन्हा जुळवून घ्यावे लागतात.