वजाबाकीची रीत एकच?

‘मुलांना एकच रीत शिकवा, दोन दाखवल्या की गोंधळतात. आमच्या वेळी एकच होती!’ इंदूरच्या मराठी घरांत हे मी कायम ऐकते. एकच कुठली? आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे. औटकी म्हणजे साडेतीनपट. आठाची काढायची तर आठ त्रिक 24, वर आठाचे निम्मे 4, झाले 28.

वजाबाकीचंही तसंच. राजवाड्याजवळच्या किराणा दुकानात पाहा. सामान 64 रुपयांचं, नोट शंभराची. दुकानदार हातचा घेत बसत नाही. 64 वर 6 ठेवून ‘सत्तर’, मग 30 ठेवून ‘शंभर’ म्हणतो. परत 36. शंभराच्या दोन शून्यांपाशी अडखळणारं पोर हे चटकन उचलतं. गोंधळ होतो तो कारण न सांगता चार रिती एकाच दिवशी घोकायला लावल्या तर.