सेट बिघडलेला नसतो, कोड बदललेला असतो : वॉकी-टॉकी भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रविवार असो वा शाळांच्या सुट्ट्या, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान आमच्या नौपाड्यातील दुकानाचा फोन बहुतेक वेळा एकाच तक्रारीसाठी वाजतो. कधी तो खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानातून आलेला असतो, कधी घोडबंदर रोडच्या सूरज वॉटर पार्कमधून, तर कधी अगदी मानपाड्याच्या टिकुजीनी वाडीतून. "तुमच्या एका सेटचा माइक गेलाय. मला सगळ्यांचं ऐकू येतंय, पण माझं कोणालाच जात नाही," असे ग्राहक सांगतात आणि त्यांचा राग आम्हाला समजतो, कारण वीस-पंचवीस माणसांचा गट गर्दीत विखुरलेला असताना एक सेट मुका होणे ही गैरसोयच आहे. मात्र सायंकाळी तो सेट परत आला की तपासणीत त्याचा माइक ठणठणीत निघतो. बिघडलेला असतो तो कोड, आणि तोही कोणीतरी हाताने बदललेला असतो. हे पत्रक मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी आहे. सेट चालू कसा करावा, आवाज कसा वाढवावा हे आमच्या बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते, म्हणून त्यात आपला वेळ घेत नाही.

आम्ही देतो ते सेट रेडिओ लहरींच्या 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. भारतात कमी शक्तीच्या सेटसाठी हा पट्टा परवान्याविना वापरता येतो. पट्टा अगदी अरुंद आहे. साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतराने मोजल्यास त्यात फक्त 16 चॅनेल बसतात. सुट्टीच्या दिवशी एकाच उद्यानात दोन-तीन सोसायट्यांच्या सहली, एखादी शाळा आणि घरचे सेट घेऊन आलेली काही कुटुंबे असली की एका चॅनेलवर दोन गट येणे अटळ असते. त्यावर उपाय म्हणून सेटमध्ये कोडची सोय केलेली असते. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर सेट एक मंद, आपल्याला ऐकू न येणारा स्वर सतत पाठवतो. ऐकणाऱ्या सेटला तोच स्वर ओळखू आला तरच त्याचा स्पीकर उघडतो, अन्यथा तो गप्प राहतो. असे ठरीव स्वर 38 आहेत आणि ते साधारण 67 ते 250 हर्ट्झच्या दरम्यान येतात. सेटच्या पडद्यावर चॅनेलच्या आकड्याशेजारी दिसणारा लहान आकडा तो हाच.

आता गडबड कशी होते ते पाहावे. गटातील एखाद्याला मध्येच अनोळखी आवाज ऐकू येतो, किंवा रांगेत कंटाळलेले एखादे मूल बटणे दाबत बसते, आणि कोड शून्यावर जातो. शून्य म्हणजे कोड बंद. अशा सेटचा स्पीकर त्या चॅनेलवर येणाऱ्या प्रत्येक आवाजाला उघडतो, त्यामुळे त्या व्यक्तीला आपल्या गटाचे सर्व बोलणे स्पष्ट ऐकू येते. पण ती स्वतः बोलते तेव्हा तिच्या आवाजाबरोबर स्वर जात नाही, म्हणून बाकीच्यांचे सेट तिला परके समजून गप्प बसतात. ऐकू येते पण जात नाही, या तक्रारीचे मूळ जवळजवळ नेहमी येथेच असते. कोड शून्याऐवजी दुसऱ्या एखाद्या आकड्यावर गेला असेल, तर त्या सेटवर काही ऐकूही येत नाही आणि त्यावरून काही जातही नाही. मग ग्राहक बॅटरी संपली असे समजतात, सेट बॅगेत टाकतात आणि उरलेला दिवस त्याच्याविना काढतात. हे आम्हाला अधिक खटकते, कारण भाडे त्यांनी त्या सेटचेही भरलेले असते.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे. प्रत्येक सेटच्या पाठीवर आम्ही पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर आपल्या गटाचा चॅनेल आणि कोड लिहून देतो. पडद्यावरचे दोन्ही आकडे त्या पट्टीशी ताडून पाहावेत आणि फरक असेल तर पट्टीप्रमाणे करून घ्यावेत. आम्हाला फोन केलात तरी आम्ही पहिला प्रश्न हाच विचारणार आहोत. कृपया ती पट्टी काढू नये. तिच्यामुळे सेट जुनाट दिसतो, असे काहींचे म्हणणे असते. दिसत असेल, पण तिच्याविना फोनवरून आम्ही काही सांगू शकत नाही.

कोडबद्दलचा आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे बरे. कोड घातला की आपले बोलणे खासगी झाले, असे अनेकजण धरून चालतात. तसे होत नाही. कोडमुळे फक्त आपल्या कानात बोळे बसतात. रस्ता तोच राहतो आणि त्यावरून बाकीचे जातच असतात. ज्याचा कोड बंद आहे त्याला आपले प्रत्येक वाक्य ऐकू येते, म्हणून खोलीचा नंबर, लॉकरचा क्रमांक किंवा मूल एकटे कुठे उभे आहे, या गोष्टी सेटवर बोलू नयेत. याच कारणामुळे आपल्याला शांतता ऐकू येत असतानाही चॅनेल गुंतलेला असू शकतो. आमच्या सेटवर त्या वेळी वरचा हिरवा दिवा लागलेला दिसतो. दिवा लागलेला असताना बोलल्यास दोन आवाज एकमेकांवर आदळतात आणि ज्याचा सेट जवळ असेल तेवढाच ऐकू येतो. म्हणून आधी दिव्याकडे पाहावे आणि तो विझल्यावरच बोलावे.

सेट देताना आम्ही कळफलक लॉक करून देतो, आणि याबद्दल अधूनमधून ग्राहकांची नाराजीही ऐकतो. भाडे भरले आहे, तर सेट आम्हाला हवा तसा का वापरू देत नाही, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की एका गटात दहा सेट असतात आणि त्यांतील एकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेला बदल उरलेल्या नऊ जणांना कळत नाही. लॉक उघडण्याची युक्ती आता मुलांना इंटरनेटवर सहज सापडते आणि त्यावर आमचा इलाज नाही. निदान कोणी पाहिले तर त्यांना थांबवावे, एवढीच विनंती. परक्या गटाचा त्रास खरोखरच होत असेल, तर त्यासाठी प्रत्येक सेटमध्ये आम्ही एक राखीव चॅनेल आधीच भरून ठेवतो. त्याचा क्रमांक पट्टीवर खालच्या ओळीत असतो. मात्र तो बदल गटप्रमुखाने ठरवावा आणि सगळे जेवायला एकत्र आलेले असताना, एकमेकांसमोर करावा. सेटवरून "आता सगळ्यांनी दुसऱ्या चॅनेलवर या" असे सांगितले, की रोलर कोस्टरच्या रांगेत असलेल्या दोघांना ते ऐकू जात नाही आणि ते पुढचा तासभर जुन्या चॅनेलवर हाका मारत राहतात.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे सांगितले पाहिजे. बटण दाबल्याबरोबर लगेच बोलू नये. एक सेकंद थांबून बोलावे. समोरच्या सेटला स्वर ओळखून स्पीकर उघडायला क्षणभर लागतो, आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो अर्धवट झोपलेला असेल तर आणखी थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पहिला शब्द गिळला जातो. "नाही सापडला" यातले "नाही" गेले, तर काय होईल याचा विचार करावा. शेवटीही तेच. आपल्या भाषेत नकार पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे "आम्ही तिकडे येत नाही" म्हणताना बोट आधीच उचलले गेले, तर समोरच्याला "आम्ही तिकडे येत" एवढेच ऐकू येते आणि तो वाट पाहत उभा राहतो. शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावर बोट उचलावे. हाक मारताना आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव घ्यावे, मग स्वतःचे: "काका, मी निखिल बोलतोय." एकाच गटात तीन-चार काका असतील, तर घरी चालते ते टोपणनाव वापरलेले बरे.

सेट कमरेच्या पाऊचमध्ये किंवा खचाखच भरलेल्या पिशवीत ठेवल्यास बोलण्याचे बटण दाबले जाऊन राहते. मग मिनिटभर सगळ्या गटाला पिशवीतल्या पाण्याच्या बाटल्यांचा आवाज ऐकावा लागतो आणि तेवढा वेळ कोणालाच बोलता येत नाही. मिनिटानंतर आमचे सेट आपोआप थांबतात. तरीही सेट कमरेच्या पट्ट्याला बाहेरून लावावा, हे उत्तम.

सेट किती अंतरावर चालतो, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. खोक्यांवर छापलेले मोठमोठे किलोमीटर एका डोंगरमाथ्यावरून समोरच्या डोंगरमाथ्यावर बोलताना खरे ठरत असतील. उद्यानात काँक्रीटच्या भिंती, पत्र्याच्या शेड, राइडचे लोखंडी सांगाडे आणि हजारो माणसांची शरीरे मध्ये येतात. आमच्या सेटच्या रेडिओ लहरींची लांबी साधारण 67 सेंटिमीटर असते आणि माणसाचे शरीर त्यांना चांगलेच अडवते. म्हणून आवाज तुटत असेल, तर सेट कमरेवरून काढून तोंडापुढे उभा धरावा आणि जमल्यास गर्दीकडे पाठ न करता चार पावले मोकळ्या जागेत जावे. एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. बंद अंधाऱ्या राइडच्या आत आवाज पोहोचण्याची हमी आम्ही देत नाही. इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या वेगवान राइडवर सैल वस्तू नेऊ देत नाहीत, तेव्हा सेट खाली थांबलेल्या माणसाकडे द्यावा.

जास्त शक्तीचे सेट का ठेवत नाही, असेही विचारले जाते. परवान्याविना चालणाऱ्या या पट्ट्यासाठी सेटची शक्तीही मर्यादित असावी लागते आणि सेटला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-मान्यता असावी लागते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पुष्कळ सेट या दोन्ही अटी पाळत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ई-कॉमर्स मंचांवरील अशा बेकायदा विक्रीविरुद्ध नोटिसा काढल्या आणि मार्गदर्शक तत्त्वेही जारी केली. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या जोड्यांबद्दलही सांगणे भाग आहे. ते सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तेथे ते परवान्याविना वापरता येतात, येथे नाही. शिवाय त्यांचा आमच्या सेटशी संपर्कही होत नाही. ते दोन आमच्या आठांत मिसळून दहा करावेत, ही सूचना आम्ही म्हणूनच स्वीकारत नाही.

वॉटर पार्कला जाणाऱ्यांनी सेट ठरवतानाच तसे सांगावे. आमच्याकडील काही सेटच पाण्यात पडले तरी तगतात, आणि त्यांचे भाडे थोडे अधिक आहे. साधा सेट पावसाचे चार थेंब सहन करतो. स्लाइडवरून खाली येणे नाही. भिजलेला सेट चालू करून पाहू नये आणि ड्रायरखाली तर मुळीच धरू नये. बॅटरी काढून, सेट तसाच कोरड्या कापडात गुंडाळून आणून द्यावा.

हे सर्व वाचून मोबाइल असताना सेट हवेतच कशाला, असे कोणी म्हणेल. चार जणांचे कुटुंब नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये दोन तास फिरणार असेल, तर आम्हीही नको म्हणतो, आणि काउंटरवर तसे सांगून ग्राहकांना परत पाठवलेले आहे. गट दहाच्या पुढे गेला, त्यात मोबाइल नसलेली मुले आणि फोन उचलायला वेळ लागणारे आजी-आजोबा असले, किंवा सगळ्यांचे मोबाइल लॉकरमध्ये असले, की गोष्ट बदलते. एकाने बोललेले सगळ्यांनी एकाच वेळी ऐकणे मोबाइलवर सहज जमत नाही, आणि वॉकी-टॉकीसारखे चालणारे मोबाइल अॅप इंटरनेटवर अवलंबून असते, जे नेमके गर्दीत रखडते. शाळांना आमचा सल्ला असा, की प्रत्येक तुकडीच्या शिक्षकाकडे एक आणि प्रवेशद्वारापाशी थांबणाऱ्या व्यक्तीकडे एक सेट असावा. अगदी लहान मुलाच्या गळ्यात सेट अडकवू नये. त्याच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा बसमधून उतरतानाच ठरवावी, सेट हातात असले तरी.

सेट नेताना दहा मिनिटे हाताशी ठेवून यावे, ही आमची अट आहे. तेवढ्यात आम्ही सर्व सेट चालू करून, एक व्यक्ती रस्त्याच्या पलीकडे पाठवून, प्रत्येक सेटवरून बोलून दाखवतो. सकाळी सहाला बस सुटणार असेल, तर सेट आदल्या सायंकाळी न्यावेत आणि रात्री चार्जरवर लावावेत. अनामत रक्कम आम्ही सेट परत आल्यावर, तुमच्यासमोर तपासून, लगेच देतो. कोड बदललेला आढळला म्हणून त्यातून काही कापत नाही, पण मोजून दहा सेटमध्ये कोड पुन्हा भरायला वेळ लागतो आणि मागे पुढचा ग्राहक उभा असतो, हे लक्षात असू द्यावे.

दिवाळीची सुट्टी, डिसेंबरमधील शाळांच्या सहली आणि मे महिना या काळात नोंदणी निदान आठवडाभर आधी करावी. नोंदणी करताना सेटची संख्या, तारीख आणि कोणत्या उद्यानात जाणार हे तिन्ही सांगावे, कारण एकाच दिवशी एकाच ठिकाणी जाणाऱ्या आमच्या दोन गटांना आम्ही वेगवेगळे चॅनेल देतो आणि ते जागेचे नाव कळल्याशिवाय ठरवता येत नाही.