तुतीची छाट कलमे

तुतीच्या (मोरस वंश, मोरेसी कुल) पक्व फांदीचे तुकडे लावून केलेली अभिवृद्धी. रेशीम शेतकरी या तुकड्याला ‘बेणे’ म्हणतात. तुतीत नर व मादी फुले बहुधा वेगळ्या झाडांवर येतात आणि बियांची रोपे मातृवृक्षासारखी निघत नाहीत. त्यामुळे पाला असो वा फळ, खात्रीचा मार्ग बेण्याचाच.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये मोरस आल्बा व मोरस इंडिका या जाती वेगळ्या नोंदवल्या. दक्षिण भारतातील लागवडीचे वाण काही अभ्यासक पहिल्या, तर काही दुसऱ्या जातीत घालतात. हा घोळ पूर्ण सुटलेला नाही. बेणे घेताना व्ही-१ किंवा एस-३६ असे वाणाचे नाव पाहणेच श्रेयस्कर, कारण मुळे धरण्याची क्षमता वाणागणिक बदलते. व्ही-१ सहज मुळे धरतो, एस-३६ तुलनेने कमी.

मुळांच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार पेऱ्यांजवळ सालीखाली मूलांकुर आधीच तयार असतात. दुसऱ्यात कापलेल्या टोकावरील किणाला (जखम भरून येताना तयार होणाऱ्या पेशींच्या गाठीला) महत्त्व दिले जाते. दोन्हीकडून मुळे येऊ शकतात. तुती इतक्या सहज लागते त्याचे स्पष्टीकरण मात्र पहिल्या मतातून अधिक चांगले मिळते. म्हणून खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली घेतात.

बेण्यासाठी ६ ते ८ महिन्यांची, सुमारे १०–१२ मिमी. जाड फांदी निवडतात. कोवळा शेंडा आणि जून बुंधा टाकून देतात. ३–४ डोळ्यांचे, १५–२० सेंमी. लांबीचे तुकडे धारदार कोयत्याने, साल न सोलवटता तोडतात. कापावर पांढरा चीक येतो. लागवड होईपर्यंत बेणे सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. गादीवाफ्यात २० × १० सेंमी. अंतरावर, डोळे वरच्या दिशेला ठेवून, एकच डोळा मातीबाहेर राहील असे खोचतात व भोवतालची माती घट्ट दाबतात. पोकळी राहिली तर तेवढा भाग सुकतो. पाणी साचले तर फ्यूजेरियम बुरशीने बेणे कुजते. साल काळी पडून बोटाने सहज निघते.

दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, पण हा फुटवा फांदीतील साठ्यावरचा असतो. मुळे धरली नसतील, तर उलगडलेली पाने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माना टाकतात. तोवर बेणे उपटून पाहू नये. नवी मुळे तुटतात. रोपे साधारण ३–४ महिन्यांनी शेतात हलवतात.